वाचकांचे प्रश्न : लघवीचा त्रास किती, हे कोणाला विचारायचे?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या वाढीविषयी या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी नाशिक जिल्ह्यातील तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची जीवनगुणवत्ता हा विषय घ्यावा असे मनात आहे. पण वर्गातील मैत्रिणी म्हणतात की जीवनगुणवत्ता ही भावना आहे, ती मोजता येत नाही. त्यापेक्षा रुग्णांना माहिती देऊन त्यांचे ज्ञान वाढले का, हे पाहणे सोपे आणि सुरक्षित. मॅडम, मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, म्हसरूळ

उत्तर : विषय सोडू नका. ज्या त्रासामुळे माणूस दवाखान्यात येतो, तो त्रास मोजता येत नाही असे म्हणणे म्हणजे तो विचारायचाच नाही असे ठरवणे होय.

प्रोस्टेटच्या बाबतीत तर हे मोजमाप जगभर रुळलेले आहे. १९९२ साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी सात प्रश्नांची एक लक्षण-प्रश्नावली तयार झाली, आणि तिलाच पुढे जीवनगुणवत्तेचा आठवा प्रश्न जोडून आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट लक्षण गुणांक रूढ झाला. लघवी पूर्ण झाल्यासारखी न वाटणे, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागणे, धार थांबून थांबून येणे, लघवी रोखता न येणे, धार बारीक होणे, सुरुवातीला जोर करावा लागणे आणि रात्री उठावे लागणे, अशा सात तक्रारींना, त्या किती वेळा होतात त्यानुसार, प्रत्येकी ० ते ५ गुण मिळतात. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ असेल तर मध्यम आणि २० ते ३५ असेल तर तीव्र मानला जातो. आठवा प्रश्न या बेरजेत धरत नाहीत. लघवीची आज जी अवस्था आहे तीच उरलेले आयुष्यभर राहिली तर तुम्हांला कसे वाटेल, एवढेच तो विचारतो, आणि त्याचे उत्तर ० ते ६ या मापावर नोंदवले जाते. माझ्या मते संपूर्ण प्रश्नावलीचा जीव या एका प्रश्नात आहे.

सोनोग्राफीच्या अहवालातील ग्रंथीचा आकार आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा मेळ फारसा बसत नाही, ही गोष्ट अनेक अभ्यासांत दिसून आली आहे. ग्रंथी मोठी असूनही एखादे आजोबा रात्री एकदाच उठतात आणि पहाटे फिरायला जातात, तर जेमतेम वाढलेल्या ग्रंथीचा दुसरा माणूस सिन्नरहून नाशिकला यायचे म्हटले की वाटेत कुठे थांबता येईल याचाच हिशेब करत बसतो. दोघांच्या अहवालांतून हा फरक कळणार नाही. तो त्यांना विचारूनच कळेल, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो विचारण्याची सवड बहुधा सिस्टर किंवा ब्रदर यांनाच काढावी लागते. म्हणून हा विषय परिचर्येचा आहे.

आता खरी अडचण सांगते. ही अडचण भाषेची आहे. 'मूत्रविसर्जनानंतर मूत्राशय रिक्त न झाल्याची जाणीव' असे वाक्य निफाडच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे ठेवले, तर तो मान हलवील आणि तुम्ही शून्यावर खूण कराल. त्याच माणसाला 'लघवी करून आल्यावरही आत थोडी राहिली आहे असे वाटते का' असे विचारा, म्हणजे तो मोकळेपणाने बोलू लागेल. 'अर्ध्याहून कमी वेळा' हा पर्यायही अनेकांना अवघड जातो. 'पाच वेळा लघवीला गेलात तर त्यांतल्या किती वेळा असे होते' असे विचारून पाहावे. मात्र असे बदल प्रत्येक मुलाखतीत आपापल्या मनाने करू नयेत. अधिकृत भाषांतर मिळते का ते पाहावे आणि हक्कधारकांची परवानगी घ्यावी. भाषांतर स्वतः करावे लागले, तर मराठी मजकूर मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा आणि दोन्ही मजकूर ताडून पाहावेत. त्यानंतर आठदहा रुग्णांपुढे एकेक प्रश्न वाचून, 'यावरून तुम्हांला काय समजले' असे त्यांनाच विचारावे. या पायरीला विद्यार्थी कंटाळतात, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक शिकायला याच पायरीवर मिळते. 'कसे वाटेल' या प्रश्नाला आपल्याकडील वयस्कर पुरुषांचे ठरलेले उत्तर असते : 'चाललंय, वयच झालं.' त्याचा अर्थ समाधान असा लावू नका. थोडे थांबून, गेल्या महिन्यात त्रासामुळे कुठे जाण्याचे टाळले, हे विचारा.

ज्ञान वाढले का हे पाहणे सोपे असल्याचे तुमच्या मैत्रिणी म्हणतात ते खरे आहे, आणि म्हणूनच त्याची मला काळजी वाटते. नियोजित शिक्षणकार्यक्रम द्यायचा आणि सातव्या दिवशी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, असे प्रबंध आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहेत. आठवड्यापूर्वी सांगितलेले माणसाला आठवते, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याची रात्रीची झोप सुधारली का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. याउलट १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. लघवीची घाई होऊन गळती होणाऱ्या ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांचे तीन गट केले होते. स्नायूंचे आणि सवयींचे प्रशिक्षण मिळालेल्या गटात गळतीचे प्रसंग सरासरी ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषधाच्या गटात ६९ टक्क्यांनी आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ३९ टक्क्यांनी. येथे मोजले ते स्त्रियांनी स्वतः रोज नोंदवलेल्या गळतीच्या प्रसंगांना. शिवाय दिखाऊ गोळीनेही एवढा फरक पडतो हे दिसल्यावर, तुलनेचा गट का हवा हे वेगळे सांगावे लागत नाही.

तुम्हीही लघवीची रोजनिशी वापरा. खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणि तीन दिवसांचा तक्ता एवढे पुरते. किती वाजता, किती मिलिलिटर आणि काय प्यायलो, या नोंदी हव्यात. वयस्कर माणसाच्या चोवीस तासांतील लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक रात्रीच होत असेल, तर रात्री उठण्याचे खापर केवळ प्रोस्टेटवर फोडता येत नाही. पायांवरची सूज, हृदयाचा आजार, झोपेतील श्वासाचा अडथळा किंवा रात्री उशिरा घेतलेले लघवीचे औषध अशी कारणे डॉक्टरांना शोधावी लागतात. मगाने केलेल्या या नोंदीमुळे रुग्णाच्या उपचारांची दिशा बदलू शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. निफाडच्या थंडीत घाई आणि रात्रीच्या फेऱ्या दोन्ही वाढतात. तेव्हा पहिली मोजणी डिसेंबरात आणि दुसरी मार्चात केली, तर झालेली सुधारणा तुमच्या उपायाची की उन्हाळ्याची, हे सांगता येणार नाही. दोन्ही गट एकाच हंगामात घ्या. राज्यातील नर्सिंग महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते, १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ तुमच्या म्हसरूळलाच आहे. तेथील ग्रंथालयात जुने प्रबंध चाळता आले तर हंगामाची नोंद किती जणांनी ठेवली आहे ते अवश्य पाहा. शक्य झाल्यास रुग्णांच्या पत्नींशीही बोला. नवरा रात्री चार वेळा उठतो, तेव्हा ओट्याच्या पायरीवर तो पडेल या धास्तीने तीही जागीच असते.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. मी द्राक्षबागेत मजुरीला जाते. शिंक आली किंवा क्रेट उचलला की लघवीचे थेंब जातात आणि कपडे ओले होतात. बागेत आडोसा नाही, म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. मागे नर्सिंगच्या मुली गावात आल्या होत्या. त्यांनी असला काही त्रास आहे का विचारले, पण सासूबाई शेजारी बसल्या होत्या म्हणून मी नाही म्हणाले. आता काही उपाय होईल का?
— एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, उपाय आहे, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत तो व्यायामाने सुरू होतो. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना होणारी गळती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे होऊ शकते. बाळंतपणे, वाढते वय आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांमुळे हे घडते. या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. त्याविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा गळतीच्या स्त्रियांपैकी ज्यांनी व्यायाम केला, त्यांनी त्रास बरा झाल्याचे सांगण्याची शक्यता व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत आठपट होती.

वारा सरू नये म्हणून आपण जसे आतून आवळून धरतो, तसे आवळायचे. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवायचे. सुरुवातीला तीनचार सेकंद धरता आले तरी चालेल, हळूहळू आठदहा सेकंदांपर्यंत न्यावे. एका वेळी आठ वेळा, असे दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने करावे. क्रेट उचलण्याच्या क्षणभर आधी आवळून घेण्याची सवयही लावा. लघवी करताना धार अडवून मात्र रोज व्यायाम करू नका. जमते आहे की नाही हे कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टरना एकट्याने भेटून विचारा. लघवीत रक्त दिसणे, जळजळ, ताप किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पाणी बंद करू नका. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिक टोचते आणि जंतुसंसर्ग व खडे यांचा धोका वाढतो. पण एवढे सांगून माझे कर्तव्य संपत नाही, हे मला ठाऊक आहे. आडोसाच नसेल तर पाणी प्या असे सांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणणार? छाटणीपासून काढणीपर्यंत बायकांच्या हातांवर चालणाऱ्या बागेत एक शौचालय असणे ही मजुरीइतकीच रास्त मागणी आहे. ती टोळीतील साऱ्या जणींनी मिळून मुकादमाकडे आणि मालकाकडे करावी.

तुम्ही दिलेल्या त्या उत्तराविषयी मनाला लावून घेऊ नका. त्यात चूक असेल तर ती विचारणाऱ्यांची आहे. गळतीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या प्रश्नावलीत किती वेळा, किती प्रमाणात आणि रोजच्या जगण्यात किती आड येते, असे गुण धरले जाणारे तीनच प्रश्न असतात आणि बेरीज ० ते २१ येते. ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत, परंतु ती पाच मिनिटे बाईला एकटीला मिळाली पाहिजेत. सासूसमोर घेतलेले उत्तर तक्त्यात शून्य म्हणून नोंदले जाते, आणि पुढे तोच तक्ता दाखवून गावात हा त्रास नाही असे म्हटले जाते. ज्या विद्यार्थिनी हे सदर वाचत असतील, त्यांनी घरभेटीला जाताना दोघींनी जावे. एकीने सासूबाईंशी गप्पा माराव्यात आणि दुसरीने सुनेशी बोलावे.

प्रश्न : वडिलांचे वय ७२ आहे. लघवी अडल्यामुळे सहा आठवड्यांपूर्वी नळी घातली. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नाहीत आणि पिशवीमुळे अशुद्ध झालो असे म्हणून देवपूजाही करत नाहीत. पुढच्या महिन्यात पुतणीचे लग्न आहे. काय करावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तुमच्या वडिलांचे दुःख मला नळीपेक्षा पूजेचे अधिक वाटते, आणि लघवीच्या तक्रारींच्या रूढ प्रश्नावल्यांत देवपूजेचा प्रश्न नसतो. असे दुःख त्यांचे एकट्याचे नाही. २००६ साली नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मोरोक्कन आणि तुर्की स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गळतीमुळे नमाजापूर्वीची शुद्धता राहत नाही आणि पुन्हा पुन्हा वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुण्याचा विधी, करावा लागतो, ही त्यांची मोठी व्यथा होती. सोवळ्याचा निर्णय वडिलांनी आणि त्यांच्या विश्वासातल्या गुरुजींनी करावा. मी एवढेच सांगेन की नळी व पिशवी जोडलेली आणि बंद असेल तर लघवी बाहेर कोठेही लागत नाही, आणि ही माहिती गुरुजींनाही द्यावी.

लग्नासाठी मांडीला किंवा पोटरीला बांधायची छोटी पिशवी औषधांच्या दुकानात मिळते. ती सैल पायजम्याच्या आत दिसत नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर असावी, नळीला पीळ पडू नये, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी. हाताळण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावी. थंडी वाजून ताप आला, नळीतून लघवी येणे थांबले किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या तर थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती आधी विचारायला हवी. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्या अनेक रुग्णांना ग्रंथीचा ताण सैल करणारे औषध सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहतात, आणि काहींना आपोआप लघवी होऊ लागते. ते जमले नाही तर शस्त्रक्रिया असते, किंवा दिवसातून काही वेळा स्वतःच स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत असते; ती १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडेस यांनी रुळवली आणि रुग्णाला ती सहसा परिचारिकाच शिकवते. सहा आठवड्यांत यांपैकी कशाविषयी बोलणे झाले आहे, हे तुमच्या पत्रात नाही. तेव्हा नळी बदलण्याच्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच बाह्यरुग्ण विभागात जा, वडिलांना बरोबर न्या, आणि नळी काढून पाहायची का व कधी, हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. लग्नाची तारीखही सांगायला विसरू नका.