भाड्याच्या घराचं दार पाहुण्यांच्या स्वागतासाठी कसं सजवावं?

घर भाड्याचं, खिळे ठोकायची परवानगी नाही आणि दारासमोर जागा जेमतेम, अशी तुमची अडचण आहे. माझं म्हणणं, सामान आणायच्या आधी एकदा दार ओढून घ्या आणि पाहुणे ज्या वेळेला यायचेत त्याच वेळेला बाहेर उभे राहून बघा. बेल वाजवल्यापासून दार उघडेपर्यंत पाहुण्याला दुसरं काही काम नसतं, तो दाराकडेच बघत असतो. आपण घरातली माणसं मात्र कुलूप काढायच्या घाईत असतो, त्यामुळे कडीभोवतीचे बोटांचे डाग, चौकटीच्या कोपऱ्यातली जाळी, बेलच्या बटणावरची धूळ आपल्याला दिसतच नाही. आधी ते सगळं ओल्या फडक्याने पुसून काढा. निम्मी सजावट तिथेच होते.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर सगळ्यात जास्त विचार उजेडाचा करा. दिवा पाहुण्याच्या पाठीमागे असला की त्याचीच सावली दारावर पडते आणि तुम्ही हौसेने लावलेलं सगळं अंधारात जातं. म्हणून उजेड दाराच्या वरून किंवा बाजूने यायला हवा, पण डोळ्यांवर नको. बल्ब घेताना खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं बघून घ्या. हा पिवळसर उजेड असतो, त्यात चेहरेही छान दिसतात आणि फुलांचे रंगही उबदार वाटतात. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड मला दारात अजिबात आवडत नाही, फार कोरडा वाटतो. दार उघड्यावर असेल आणि दिव्यांची माळ लावणार असाल तर तिच्यावर आयपी ४४ (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) तरी असावं, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतं. थेट झड येत असेल तर आयपी ६५ घ्या.

आता खिळ्यांचं. दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचे चपटे हुक मिळतात, पण दार आणि चौकट यांच्यात तेवढी फट आहे का ते आधी बघा, नाहीतर दार घासतं. दार लोखंडी असेल तर चुंबकाचा हुक चालेल, ॲल्युमिनियमला तो चिकटणार नाही. मला सगळ्यात सोपी वाटते ती रुंद रिबन: ती दाराच्या वरून आत घ्यायची आणि आतल्या बाजूला चिकटपट्टीने पक्की करायची. बाहेरून नुसती रिबन आणि तिला लटकलेलं पानाफुलांचं गोल कडं दिसतं. कडं दाराच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशपर्यंत असावं, म्हणजे ९० सेंटीमीटरच्या दाराला ४५ ते ६०. याहून लहान असलं तर लांबून ठिपक्यासारखं दिसतं. दारातलं भिंग मात्र झाकू नका.

कुंड्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवायलाच हव्यात असं नाही. जागा कमी असेल तर एक उंच आणि एक बुटकी, दोन्ही बिजागरीच्या बाजूला ठेवा. कडीची बाजू मोकळी हवी, पाहुणे हातातल्या पिशव्या तिथेच टेकवतात. तिथे ऊन येत नसेल तर स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट टिकेल. काटेरी झाड मात्र दाराशी नको. जिना सामाईक असेल तर येण्याजाण्याच्या वाटेत काही ठेवू नका, आणि सुकी फुलं किंवा कागद असेल तिथे पेटती ज्योत नकोच.

पायपुसणं खालून रबर लावलेलं घ्या, आणि दार बाहेर उघडत असेल तर त्याच्या जाडीने अडत नाही ना, ते बघा.

शेवटचं, आणि माझ्या फार जिव्हाळ्याचं: विकतचं 'वेलकम' लावण्यापेक्षा येणाऱ्यांची नावं हाताने लिहून लावा. घरात मूल असेल तर त्याच्याकडूनच लिहून घ्या, अक्षर वेडंवाकडं आलं तरी राहू द्या. आपलं नाव वाचल्यावर माणूस दार उघडायच्या आधीच हसतो. अक्षरं दोन पावलांवरून वाचता येतील एवढी मोठी काढा, आणि पावसाची शक्यता असेल तर कागद पारदर्शक पाकिटात घालून लावा.