मृग लागला की भेंडी

मे संपत आला की थंड देशांत भाजीपाला लावणाऱ्या आपल्या लोकांकडून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एप्रिलभर ‘बी कधी घालू?’ असं विचारणारी मंडळी आता ‘घातलं, पण गेलं’ असं कळवायला लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटातली ही माझी एकोणिसावी बाग. स्वतःच्या हातांनी मारलेल्या रोपांचा अनुभव दांडगा आहे, त्या भांडवलावर ही उत्तरं.

व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत टोमॅटोची रोपं बाहेर लावली. इथे सगळे तोच मुहूर्त सांगतात. आठवड्याभरात पानांवर पांढरे चट्टे आले आणि खालची बाजू जांभळी पडली. खत कमी पडलं का? (कॅलगरी, कॅनडा)

खत घालू नका, जरा दम धरा. पांढरे चट्टे उन्हाचे आहेत. दोन महिने खिडकीत वाढलेलं रोप एकदम उघड्यावर आलं की पानं भाजतात. आधी आठ-दहा दिवस त्याला सवय करावी लागते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडा वारा, आणि शेवटी रात्रभर बाहेर. जांभळा रंग गारठ्याचा. माती गार असली की त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मुळांना उचलता येत नाही. तो मातीत असतो, पण रोपाच्या उपयोगाचा नसतो. रात्री उबदार झाल्या की नवी पानं हिरवीगार येतील. जुनी भाजलेली तशीच राहतील, ती सुधारायची वाट पाहू नका.

मुहूर्ताचं म्हणाल तर ही सुट्टी २५ मेच्या आधीच्या सोमवारी येते, म्हणजे कधी १८ तारखेला तर कधी २४ तारखेला. थंडीला कॅलेंडर वाचता येत नाही. त्यातून तुमचं गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, तिथे जूनच्या सुरुवातीलाही एखादी रात्र फ्रॉस्टची, म्हणजे पाणी गोठवणाऱ्या थंडीची, निघते. रात्रीचं तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की टोमॅटो बाहेर काढा. जुन्या चादरी आणि रिकाम्या बादल्या दाराशीच ठेवा. फ्रॉस्टसाठी आणि गारांसाठीही. १३ जून २०२० ची गारपीट तुमच्या गावाला आठवत असेलच.

भेंडी दोनदा पेरली, दोनदा बी कुजलं. बी भारतातल्या दुकानातलं होतं. तेच जुनं असेल का? (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

बियाला दोष देण्याआधी मातीला हात लावून बघा. दुपारी हवा २५ अंशांवर जाते, आपण अर्ध्या बाह्यांत फिरतो आणि वाटतं, झाला उन्हाळा सुरू. त्याच दिवशी सकाळी बोटभर खालची माती १२ अंशांवर असते. भेंडीला किमान १८ ते २० लागतात. त्याखाली बी नुसतं पाणी पिऊन फुगतं आणि सडतं.

स्वयंपाकघरातला, मांस शिजलं का बघायचा थर्मामीटर असतो ना, तो सकाळी आठ वाजता मातीत खुपसा. दुपारचा आकडा फसवा असतो. चार सकाळी लागोपाठ १८ दिसले की पेरा. थर्मामीटर नसेल तर माझा दुसरा नियम आहे: मृग. सात जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागतं. गावाकडे तेव्हा पेरणी पावसासाठी खोळंबलेली असते, इथे उबेसाठी. तारीख मात्र जवळपास तीच. निव्वळ योगायोग आहे, पण आपल्या लोकांच्या डोक्यात चटकन बसतो.

वाफसाही, म्हणजे मातीची कामाजोगी ओल, तोच, आजोबा सांगायचे तो. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर वाफसा आला. गोळा चिकट राहिला तर कुदळ परत ठेवा. ओल्या चिकणमातीत काम केलं तर तिची ढेकळं होतात आणि ती सगळा हंगाम फुटत नाहीत.

मी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवते, मग ओल्या कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्यात घालून फ्रीजच्या वर ठेवते. तीन-चार दिवसांत टोकाशी पांढरं मूळ डोकावलं की दोन सेंटिमीटर खोल लावायचं. मूळ दिसल्यावर आणखी एक दिवस थांबायचा मोह टाळा, ते नॅपकिनच्या धाग्यांत शिरतं आणि सोडवताना तुटतं. वाफ्यावर दोन आठवडे आधी काळं प्लास्टिक अंथरलं तर माती लवकर तापते. जागा कमी असेल तर काळी, वीस लिटरची कुंडी उत्तम. पहिल्या वर्षी मी मेच्या तीन तारखेला पेरली होती. त्यातली दोन रोपं कशीबशी उगवली आणि जूनमध्ये पेरलेल्यांनी त्यांना महिन्याभरात मागे टाकलं.

गेल्या वर्षी दुधी आणि दोडका, दोन्हींच्या वेली कुंपणभर पसरल्या. फळ एकही नाही. यंदा आत्तापासून काय काळजी घेऊ? (मिसिसागा, कॅनडा)

दोघांची दुखणी वेगळी आहेत. दोडक्याला लांब दिवस सोसत नाहीत. २१ जूनला तुमच्याकडे दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, पुण्यात सव्वातेरा. एवढ्या उजेडात दोडका पानं आणि नर फुलं काढत बसतो. मादी फुलं दिवस आखडायला लागल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात, आणि तेवढ्यात गारठा येतो. खरं सांगायचं तर मी दोडक्याचा नाद सोडला. दुकानातला आणते.

दुधीचं मात्र जमतं. रोपं आत्ता घरात कागदी कपात करून ठेवा आणि मृगात कपासकट लावा, कारण मुळांना धक्का लागलेला त्याला आवडत नाही. वेल पाच-सहा फुटांची झाली की शेंडा खुडा. बाजूला फांद्या फुटतात, आणि मादी फुलं जास्त करून त्यांच्यावर येतात. फुलाच्या मागे इवलासा लवदार दुधी दिसला तर ते मादी, नुसता देठ असेल तर नर. फूल उमलतं संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. म्हणून जेवणं झाली की बागेत जायचं, नर फूल खुडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलात हलकेच फिरवायचा. लागला असेल तर दोन-तीन दिवसांत तो इवला दुधी फुगायला लागतो, नाही तर पिवळा पडून गळतो. आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे आहे. डास चावतात म्हणून तक्रार करतो, पण पहिला दुधी त्याच्याच नावावर लागतो.

कोथिंबीर हातभर वाढायच्या आत फुलावर येते. (ॲबर्डीन, स्कॉटलंड)

येणारच. जूनमध्ये तुमच्याकडे दिवस जवळपास अठरा तासांचा. एकदाच भरपूर पेरू नका, दर दोन आठवड्यांनी मूठभर पेरा, पानं कोवळी असतानाच कापा. फुलावर आलेली उपटू नका, ओल्या हिरव्या धण्यांची चटणी करून बघा.

कढीपत्ता आणि तुळस बाल्कनीत कधी ठेवू? (हेलसिंकी)

दोघींना रात्री १० अंशांखाली चालत नाही. तुळस एका गार रात्रीत काळी पडते, कढीपत्ता रुसून पानं गाळतो. जूनच्या मध्यापर्यंत दिवसा बाहेर, रात्री आत, असं करा. पहिला आठवडा सावलीत. बाहेर नवी पालवी फुटायला लागली की मगच नत्राचं (नायट्रोजनचं) खत द्या, आणि शेंडे न घाबरता खुडा. फोडणीलाही लागतातच.

शेजारीण दारात रुबार्बची (आंबट दांड्यांच्या भाजीची) जुडी ठेवून गेली. पानं थेट अळूसारखी दिसतात. वड्या होतील का? (मिनियापोलिस)

अजिबात नको! बरं झालं विचारलंत. रुबार्बच्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारी ठरतात. अळूची खाज चिंचेने मरते, तसं इथे होत नाही, कितीही उकडलं तरी. पानं थेट कंपोस्टमध्ये टाका.

खायचे ते लाल-हिरवे दांडे. तुम्हीही लावणार असाल तर दांडा सुरीने कापू नका, बुडाशी धरून पीळ देत ओढा. पहिल्या वर्षी एकही तोडू नका, आणि पुढेही जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर झाडाला विश्रांती द्या. चव चिंचेच्या घरातली. बोटभर तुकडे करून तुरीच्या आमटीत शेवटच्या पाच मिनिटांत घाला, विरघळून जातात. गूळ नेहमीपेक्षा दुप्पट लागतो, आणि चिंच अजिबात घालायची नाही. मी पहिल्यांदा सवयीने घातली होती, आणि आमच्या घरी ती आमटी अजून विसरलेले नाहीत.