आपल्या मुसलमानांत जात नसते ना, आपा?

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा सोयरीक मोडायच्या बेतात असतानाच. या मुलीनं तर खुर्चीवर बसायच्या आधीच विचारला.

मुलगी सोलापूरकडची नदाफ, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या पिंजारी समाजातली, पुण्यात नोकरीला. मुलगा सातारा जिल्ह्यातला सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातला मानला जाणारा. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलाच्या घरून निरोप आला होता: तुम्ही दर्ग्याचा संदल-उरूस करणारे, फातेहा देणारे, आम्ही हे न मानणारे तबलीगवाले. मसलक, म्हणजे पंथ, जुळत नाही.

ती महिनाभर या दोन मसलकांच्या, म्हणजे देवबंदी (तबलीगवाले) आणि बरेलवी (उरूसवाले) यांच्या वादाचे व्हिडिओच ऐकत बसली होती. देवबंदचा मदरसा 1866 चा, बरेलीच्या अहमद रझा खान यांचा जन्म 1856 चा, दोन्हीकडचे एकाच हनफी धर्मशास्त्राचे, सगळं तोंडपाठ. आता वडिलांना उरूस सोडायला लावायचं तिच्या डोक्यात होतं. मी एवढंच विचारलं, "त्यांच्या घरात दुसऱ्या मसलकची सोयरीक कधी झालीच नाही?"

"त्याची मोठी बहीण दिलीय की. त्या घरातून तर दरवर्षी संदल निघतो."

"आडनाव काय त्यांचं?"

"सय्यद," म्हणाली, आणि गप्प झाली.

मग खरं बाहेर आलं. मुलाच्या आईचं एक वाक्य फोनवर तिच्या कानावर पडलं होतं: "पिंजाऱ्यांत देते-लेते नै अपन." हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "जात नाहीच म्हटल्यावर अपमान झाला म्हणून सांगणार तरी कसं?"

अशा वेळी मी दीनाचे दाखले देऊन समजूत काढत नाही. अरबाला अजमीवर (अरब नसलेल्यावर) श्रेष्ठत्व नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हनफी फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) ग्रंथांत निकाहासाठी 'कुफू', म्हणजे बरोबरीचं घर, बघताना वंश आणि धंदाही धरलेला आहे; दुसऱ्या परंपरेच्या इमाम मालिक यांचा भर दीनदारीवर. दोन्ही बाजूंना हवं ते सापडतं आणि भांडण लांबतं. मी तिला कपाटातल्या जातीच्या दाखल्याची आठवण करून दिली. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या सभांना आले, 1994 साली मुस्लिम ओबीसींना सवलती देणारा शासन निर्णय झाला. तिची बी. फार्म.ची जागा त्याच दाखल्यावरची. "त्यावर पिंजारी लिहिलंय ना? मग तुला लागलं ते खरंच लागलंय." (मी स्वतः मुलाणी. गावात बकरं हलाल करायला आमच्या आजोबांना मानानं बोलावत, पण आमची सोयरीक विचारायला कुणी येत नसे.)

ती खूप वेळ रडली. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

घरी जाताना सांगितलं, व्हिडिओ बंद कर. ते वाक्य मुलाला आहे तसं सांग आणि तो काय करतो ते बघ. तो आधी "अम्मी जुन्या वळणाची आहे" एवढंच म्हणाला. आठवड्यानं मात्र त्यानं वडिलांसमोर विषय काढला, जातीचं नाव घेऊन. 1954 च्या विशेष विवाह कायद्याची, त्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीची दोघांना माहिती होती. पण तिला निकाह हवा होता, दोन्ही घरांसमोर. बोलणी अजून चालू आहेत. आई अडून आहे.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "तुमच्या घरात कुणाची मुलगी आणत नाहीत?"

ती हसली. मग हसू मावळलं. "खाटकांची." दोन वर्षांपूर्वी चुलतभावाचं असंच मोडलं होतं. "तेव्हा मीच त्याला म्हणाले होते आपा, त्यांचं मसलक वेगळं आहे, सोड."

परवा तिचा मेसेज आला. चुलतभावाला फोन केला होता, दीड तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.