पहिला पेला किती वाजता?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. रंगाच्या रात्री पावणेतीनला तुझा फोन आला. "काका, मी मरतोय बहुतेक." मी विचारलं, किती वाजता प्यायलास? तू भडकलास, मरणाऱ्याला वेळ काय विचारता म्हणालास. आज चौथा दिवस. मी पुन्हा तेच विचारणार आहे, कारण उत्तर तुझ्याकडे अजून नाही.

भांग घ्यावी की नाही, यावर बोलत नाही. बनारसला ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते आणि 1988 साली मीही तिथंच शिकत होतो, तेव्हा सोवळ्याचं सोंग नको. पण पोटातून जाणारी भांग म्हणजे चिलीम नव्हे. धूर काही मिनिटांत चढतो. ही यकृतात जाऊन आणखी जहाल होते आणि चढायला अर्धा ते 2 तास घेते. तू पाऊण तासात "काहीच होत नाही" म्हणून दुसरा पेला घेतलास, मग तिसरा. तिन्ही एकावर एक चढले. घड्याळ बघितलं असतंस तर पहिल्यावरच थांबला असतास.

मग छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि ही रात्र संपणारच नाही ही खात्री. भांग काळच ताणते रे. म्हणून तर तुला कागदावर वेळ लिहायला लावली: 2:50. तू म्हणालास, तास झाला. तेव्हा 2:58 झाले होते. तो कागद फेकू नकोस.

मित्रांनी लिंबू दिलं, चिंच दिली, तूप दिलं. हमखास उतारा असा नाहीच. बोटं घालून ओकायला लावणं हा तर मूर्खपणा. पाणी घोटघोट, मंद दिवा, कुशीवर झोपणं, शेजारी शुद्धीतला एक माणूस आणि समोर घड्याळ. "झोप लागेल" म्हणून वर बिअर पाजणाऱ्या त्या दिवट्याला माझ्यासमोर आणू नकोस, दारूनं ती आणखी चढते. जोर 6 ते 8 तास, जास्त झाली तर 12 तासही राहतो, दुसऱ्या दिवशीही डोकं जड असतं. आणि तू सकाळी मोटरसायकल काढलीस! काय म्हणावं तुला?

मात्र छातीत दुखलं, झटका आला, ओकाऱ्या थांबेनात, हाका मारून माणूस उठेना, तर घड्याळ बघत बसायचं नाही, थेट 108. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं पण कोरडं, हात हवेत काहीतरी वेचतोय, तर भांगेत धोत्रा असू शकतो. तिथंही तेच. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं: काय, किती, किती वाजता.

आम्ही सांगितलं नव्हतं. महाशिवरात्रीला खोलीतल्या एकाला दवाखान्यात नेलं आणि म्हणालो, उसाचा रस बाधला. डॉक्टरांनी तीनदा विचारलं. मी चपलेचा तुटका अंगठा बघत उभा. घरी पत्र जाईल, ही भीती. रात्रभर त्याच्या नाकात नळी, हाताला सुया, सगळं अंदाजानं. तो वाचला, पण उन्हाळ्यात बनारस सोडून गेला आणि माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. बायको म्हणते, तू वीस वर्षांचा होतास. होतो. पण मनगटावर घड्याळ होतं ना! तुला वेळ विचारली ती कोरडेपणानं नाही. आणि समजा कोरडेपणानं असली, तरी मी पुन्हा तेच विचारीन.

"वेड लागेल का" विचारतोस. ही धास्ती बहुधा आठवडाभरात ओसरेल. संशय राहिला, कुणी नसताना आवाज आले, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, मीही येईन. पण तुझ्या मामाचा आजार तुला ठाऊक आहे. ज्या घरात तो आहे तिथल्या पोरानं भांगेच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. यावर वाद घालू नकोस.

त्या संध्याकाळचे फोटो मोबाइलमध्ये असतील, त्यांवर वेळ असते. पहिला पेला हातात असलेला फोटो शोध आणि वेळ कळव.

तुझा,
काका