वाचकांचे प्रश्न: प्लॅनिंगमध्ये मास्टर्स करायचंय, पण चित्रकला शून्य!

प्रश्न: नमस्कार ताई, माझं सिव्हिल झालंय, थोडे दिवस साईटवर पण काढले, आता स्पेशियल प्लॅनिंग अँड लँड मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं डोक्यात आहे. काका म्हणतात ते आर्किटेक्ट लोकांचं काम, तू तिथे काय करणार. एक सिनिअर म्हणतो कशाला या भानगडीत पडतोस, सरळ जीआयएसचा (कॉम्प्युटरवर जागेचे नकाशे आणि माहिती हाताळायचा) कोर्स कर. मला चित्रकला अजिबात येत नाही आणि कायद्याचा प्रचंड कंटाळा आहे. करू का नको? आणि कोर्स निवडताना काय बघायचं?

उत्तर: चित्रकलेचं टेन्शन आधी सोडून दे, त्यावाचून काही अडत नाही. पण कायद्याचा कंटाळा आहे म्हणतोस ना, तिथे मात्र गडबड आहे. कारण या डिग्रीत दोन विषय एकत्र नांदतात. प्लॅनिंग म्हणजे कुठे काय व्हावं, आणि लँड मॅनेजमेंट म्हणजे ती जमीन कोणाची, हद्द कुठे, नोंद कशी, किंमत किती. बहुतेक पोरं पहिल्याच्या ओढीने येतात आणि दुसऱ्यात अडकतात, आणि मला विचारशील तर खरी डिग्री दुसऱ्यातच आहे.

एक उदाहरण देते. शहराच्या कडेला लांबट, वेडेवाकडे जमिनीचे तुकडे आहेत, अर्ध्यांना रस्ताच नाही. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, त्यातून रस्ते आणि बाग काढायची आणि उरलेली नीट प्लॉट पाडून मूळ मालकांनाच परत द्यायची. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी पाठपुरावा करून १९०२ साली याचा कायदाच करून घेतला, आणि १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतही पुनर्बांधणीला हीच पद्धत वापरली. आजच्या जर्मन कायद्यात क्षेत्रफळाने वाटप करायचं असेल तर नव्याने विकसित होणाऱ्या भागात रस्ते-बागांसाठी मालकांच्या जमिनीत जास्तीत जास्त ३० टक्के कपात करता येते, आधीच वस्ती असलेल्या भागात फक्त १० टक्के.

आता हे वर्गात करायला दिलं की पोरं आधी मस्त रस्ते आखतात, झाडं बिडं लावतात, मग हिशोबाला बसतात. १००० चौरस मीटरवाल्याला ७०० मिळाले, त्याचं ठीक चाललंय. पण १२० वाल्याच्या हातात ८४ येतात, आणि समज नियमाने किमान प्लॉट १०० चा लागतो, मग त्याचं काय करायचं? पैसे देऊन बाहेर काढायचं का शेजाऱ्याबरोबर भागीत टाकायचं, का त्याची कपात माफ करून ती बाकीच्यांवर टाकायची, आणि बाकीचे आधीच ३० वर असतील तर?? इथे कायदा, किंमत ठरवणं, समजूत काढणं सगळं एकदम अंगावर येतं. यात मजा वाटली तर डोळे झाकून ये, कंटाळा आला तर सिनिअरचं ऐक.

जीआयएस तर लागणारच, पण त्यासाठी डिग्री कशाला, क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी बसून बरंच शिकता येतं. सॉफ्टवेअर सांगत नाही ते कोर्समध्ये शिकायचं. म्हणजे बघ, जुना हद्दीचा नकाशा सॅटेलाइट फोटोवर ठेवला आणि रेघ कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून गेली. सगळ्याच रेघा एकाच दिशेला तेवढ्याच सरकल्या असतील तर बहुतेक प्रोजेक्शनचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत) किंवा डेटमचा (मोजमापाचा मूळ संदर्भ) घोळ असतो. पण एकाच प्लॉटची रेघ चुकतेय म्हटल्यावर जागेवर जाऊन बघावं लागतं, अतिक्रमण असेल नाहीतर जुन्या मोजणीतलीच चूक.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नकोस, सिलॅबस उघड. जमिनीचा कायदा, मूल्यांकन, मोजणी आणि नोंदणी, आणि खऱ्या जागेवरचा स्टुडिओ (म्हणजे प्रत्यक्ष जागा घेऊन करायचा प्रोजेक्ट), हे चार असायलाच हवेत. नुसते धोरणावरचे निबंध असतील तर सरळ पुढे जा. मागच्या बॅचच्या थिसिसची नावं मागून घे, त्यावरून कोर्सचा खरा कल कळतो. उदाहरणार्थ, दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली जमीन नोंदणीची टॉरेन्स पद्धत आली, त्यात रजिस्टरमधली नोंद हाच मालकीचा पुरावा. रवांडाने हवाई फोटोंवर शेजारी-शेजाऱ्यांसमोर हद्दी आखून काही वर्षांत एक कोटीहून जास्त तुकडे नोंदले. असले विषय थिसिसमध्ये दिसले तर समज लँड मॅनेजमेंट नावापुरतं नाहीये. आणि हो, बऱ्याच देशांत प्लॅनर म्हणून काम करायला मान्यताप्राप्त डिग्रीच लागते, तेव्हा फी भरायच्या आधी ते तपास, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

प्रश्न: नोकरी करत पार्ट टाइम जमेल का?

उत्तर: थिअरी जमेल, अडतं ते स्टुडिओत. तो ग्रुपमध्ये चालतो, जागेवर जावं लागतं आणि तेही बहुतेक कामाच्या दिवशीच, कारण नोंदणीचं ऑफिस तेव्हाच उघडं असतं. स्टुडिओच्या सेमिस्टरपुरती रजा मिळते का ते ऑफिसात आधी विचार. आणि थिसिससाठी जमिनीच्या नोंदी लागणार असतील तर परवानगीचा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाक, मालकांची नावं असलेला डेटा सहजासहजी कोणी देत नाही, आणि बिचारी पोरं शेवटच्या महिन्यात विषय बदलत बसतात.