जास्त मतं पडूनही हरायचं, हे कसं? (वाचक विचारतात)

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात, दोघंही आता तिथले सिटिझन आहेत. 2024 च्या इलेक्शनला जावई म्हणाले, आमच्या मताने काही फरक पडत नाही, निकाल पेनसिल्व्हेनियात लागणार. असं कसं? सरळ देशभरची मतं मोजून प्रेसिडेंट का निवडत नाहीत?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, जावई बरोबर बोलले आणि मला तेच खटकतं.

अमेरिकेत मतदार थेट प्रेसिडेंट निवडतच नाही, तो आपल्या राज्याचे इलेक्टर, म्हणजे प्रेसिडेंटसाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी निवडतो. असे एकूण 538 आणि जिंकायला लागतात 270. आता 48 राज्यांत नियम असा आहे की राज्यात जो पुढे, मग ते एका मताने का असेना, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर, मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं वेगळी वाटणी करतात. न्यू जर्सीचे 14, आणि तिथे 1992 पासून दरवेळी डेमोक्रॅटच जिंकतायत, म्हणून तिथे कुणी जीव तोडून प्रचार करत नाही, सगळा पैसा, सभा, जाहिराती पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया अशा काठावरच्या सहा-सात राज्यांत.

लोक सहसा तक्रार करतात ती छोट्या राज्यांना मिळणाऱ्या जादा वजनाची. ती खोटी नाही, वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख आणि इलेक्टर 3, कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी आणि इलेक्टर 54, म्हणजे वायोमिंगमध्ये दोन लाखांहून कमी माणसांमागे एक आणि कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्त माणसांमागे एक. पण माझ्या मते खरा अन्याय ‘जिंकेल त्याला सगळं’ या नियमात आहे. 2020 मध्ये ट्रम्पना कॅलिफोर्नियात 60 लाख मतं पडली, त्यांनी जिंकलेल्या टेक्सासपेक्षाही जास्त! त्यातून इलेक्टर मिळाले शून्य. आणि टेक्सासमध्ये बायडनना 52 लाखांवर मतं, तिथेही शून्य. एवढी माणसं रांगेत उभी राहिली आणि हिशोबात ती कुठेच नाहीत, हे कुठल्याही पक्षाच्या माणसाला लागायला हवं.

मग 2000 सारखं होतं. डेमोक्रॅट अल गोर देशभरात पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे, पण फ्लोरिडात 537 मतांनी मागे पडले आणि बुश प्रेसिडेंट झाले. 2016 ला हिलरी क्लिंटन 28 लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या, तरी हरल्या. 1876 आणि 1888 लाही असंच झालं होतं.

प्रश्न: मग हे बदलत का नाहीत? आणि हे हरलेल्या पक्षाचं रडगाणं नाही का? पंतप्रधान तर आपणही थेट निवडत नाही.
– एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर: घटना बदलायला तिकडच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागते. 1969 ला थेट देशभरच्या मतांवर निवड करायची दुरुस्ती जवळपास जमली होती, हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) 338 विरुद्ध 70 मतांनी पास झालं, प्रेसिडेंट निक्सन यांचाही पाठिंबा होता, पण 1970 ला सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) दक्षिणेकडच्या आणि छोट्या राज्यांच्या सिनेटरांनी चर्चा लांबवत लांबवत ते मारलं.

म्हणून दुसरा रस्ता काढलाय. इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलंय, तर राज्यांनी आपसात करार करायचा की देशभरात ज्याला जास्त मतं त्याला आमचे इलेक्टर. करारातल्या राज्यांचे मिळून 270 झाले की तो लागू होणार. 2007 ला मेरीलँडने सुरुवात केली, न्यू जर्सी 2008 लाच आली, 2024 ला मेन आल्यावर बेरीज 209 झाली. मात्र तिकडच्या काँग्रेसच्या संमतीशिवाय असा करार चालतो का, यावर कोर्टात भांडण होणारच.

रडगाण्याचं म्हणशील तर 2004 बघ. बुश देशात तीस लाखांनी पुढे होते, पण ओहायोत साठेक हजार माणसांनी मत फिरवलं असतं तर डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी प्रेसिडेंट झाले असते, म्हणजे फटका कुणालाही बसू शकतो. 2024 ला तर देशभरातही ट्रम्पच पुढे होते, करार लागू असता तर कॅलिफोर्नियाचे 54 पण त्यांनाच गेले असते, आणि ते योग्यच झालं असतं असं मी म्हणेन.

आपल्याकडेही मतं आणि जागा जुळत नाहीत, मध्य प्रदेशात 2018 ला भाजपला किंचित जास्त मतं होती पण जागा काँग्रेस पक्षाच्या 114 आणि भाजपच्या 109. पण आपला पंतप्रधान लोकसभेचा विश्वास गेला की जातो, तिकडे एकच माणूस चार वर्षं अख्ख्या देशाचा. आणि आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक बघ, आमदारांच्या मताला 1971 च्या लोकसंख्येवरून मूल्य ठरतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं 175, पण महाराष्ट्रातली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या खात्यात टाकत नाहीत, ज्याची त्याला मोजून देशभरची बेरीज करतात.

एका आक्षेपात मात्र दम आहे. तिकडे निवडणुका राज्यंच घेतात, आपल्यासारखा एक निवडणूक आयोग सगळीकडे मतदान घेत नाही, मग देशभरात अगदी थोडक्याचा फरक पडला तर फेरमोजणी पन्नासही राज्यांत, पन्नास वेगळ्या नियमांनी. ते नियम आधी एकसारखे करायला हवेत, आणि ते काम अमेरिकेच्या काँग्रेसलाच करावं लागेल.