तुम्ही विचारा : डर्बी हरलेला नायक

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीला सहावीत आहे. शाळेच्या कार्यक्रमात ती ‘गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्रॉडवे’ या गाण्यावर नाचली. फोनवर म्हणाली, “आजी, हे घोड्यांच्या शर्यतीच्या नाटकातलं गाणं आहे.” गाण्यात तर घोडा कुठेच नाही! हे नाटक कुठलं?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, नात बरोबर सांगतेय. गाण्यातच काय, त्या नाटकात शर्यतसुद्धा डोळ्यांसमोर होत नाही. पहिला अंक लंडनच्या हॉटेलात, दुसरा साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर. डर्बी, म्हणजे इंग्लंडमधली घोड्यांची नावाजलेली शर्यत, मधल्या पडद्याआड होऊन जाते, आणि आपला नायक ती हरतो!

नाटकाचं नाव ‘लिटल जॉनी जोन्स’. नोव्हेंबर १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात आलं. लेखन, गाणी, चाली, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सगळं एकट्या जॉर्ज एम. कोहानचं, वय २६. घरचीच नाटकमंडळी म्हणा ना : आईवडील याच नाटकात, नायिका गोल्डी म्हणजे त्याची तेव्हाची बायको एथेल लिव्ही, आणि खलनायक खुद्द वडील.

जॉनी अमेरिकन जॉकी, म्हणजे शर्यतीचा घोडेस्वार, डर्बीसाठी इंग्लंडला आलेला. घोड्याचं नाव ‘यांकी डूडल’. शर्यत हरल्यावर बोंब उठते की यानं पैसे खाऊन घोडा खेचला, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला. आमच्या वाड्यात एक काका होते, पुण्याच्या रेसला नेमाने जायचे. हरून आले की चप्पल काढताकाढताच म्हणायचे, “खेचला रे घोडा!” जिंकून आले की मात्र जॉकी देवमाणूस. त्यामुळे जॉनीवरचा आळ मला कधी परका वाटला नाही.

आता गाण्याकडे येतो. बोट अमेरिकेला निघालीय. नाव स्वच्छ झाल्याशिवाय परतायचं नाही म्हणून जॉनी धक्क्यावरच थांबतो. त्याचा मित्र, गुप्तहेर, बोटीवर आहे. निर्दोषपणाचा पुरावा हाती लागला तर तो बोटीवरून अग्निबाण सोडणार. बोट अंधारात लांब जाते. जॉनी एकटा उभा, आणि गावाकडच्या लोकांना निरोप धाडतो : ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या रस्त्याला, माझा नमस्कार सांगा. मग आकाशात बाण उडतो, आणि तेच संथ, रडवेलं गाणं तो उड्या मारत नाचून म्हणतो. शाळांमध्ये बहुधा नुसता दुसरा, नाचाचा भाग घेतात. नातीला पहिला भागही हळू म्हणून बघायला सांगा. तिसऱ्या अंकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये पळवून नेलेल्या गोल्डीची सुटका वगैरे आहे, ते बेताचंच.

जॉनी बेतलाय टॉड स्लोन या खऱ्या जॉकीवर. रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा बसायचा. इंग्रज आधी ‘काठीवरचं माकड’ म्हणून हसले, मग सगळे तसेच बसायला लागले. १८९९ च्या डर्बीत त्याच्या घोड्याचा पळता पळता पाय मोडला. पुढच्या वर्षी सट्टा लावल्याच्या आरोपावरून इंग्लंडमधल्या शर्यतींचा कारभार पाहणाऱ्या जॉकी क्लबनं त्याला लायसन्ससाठी अर्जच करू नकोस असं सांगितलं. तिथं पुन्हा त्याला घोडा मिळाला नाही. कोहाननं आपल्या जॉनीसाठी अग्निबाण सोडला. स्लोनसाठी कुणी सोडला नाही.

प्रश्न : हे नाटक गाजलं का? आता कुठे बघायला मिळेल?
– त्याच आजी

उत्तर : पहिल्या खेपेला ५२ प्रयोग, म्हणजे यथातथाच. मग गावोगाव फिरवून, घासूनपुसून १९०५ मध्ये परत न्यूयॉर्कला आणलं, तेव्हा चाललं. ‘यांकी डूडल बॉय’ हे दुसरं गाणंही यातलंच. त्यात नायक ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जन्मल्याची फुशारकी मारतो. कोहानही स्वतःचा वाढदिवस ४ जुलैच सांगायचा; बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मात्र ३ आहे.

तुम्ही कोहानवरचा ‘यांकी डूडल डँडी’ हा १९४२ चा सिनेमा मिळवा. धक्क्यावरचा प्रवेश त्यात आहे, आणि जेम्स कॅग्नी पाय ताठ ठेवून असा काही चालतो की मी तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन पाहिला. खुद्द नाटक १९८२ मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा उभं केलं होतं, गायक डॉनी ऑसमंडला घेऊन. उद्घाटनाचा प्रयोग झाला आणि त्याच रात्री बंद पडलं.